नाकाचे शब्द

बेहालाच्या बाजारात कैऱ्या आल्या होत्या, आणि श्यामसुंदर बेहेऱ्यांनी त्यातली एक सकाळी सकाळीच मुलीच्या नाकाखाली धरली.

"बाबा! आज नको!" ऋता भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरकली.

"अगं, वास तर घे. आत्ता देठ तोडलाय. चीक बघ कसा फुटलाय."

"हात धुवा आधी. बिनवासाच्या साबणाने. आणि ती पिशवी बाल्कनीत ठेवा."

"सरळ जप्तच कर की," बेहेरे म्हणाले. "पंच म्हणून शेजारच्या घोषबाबूंना बोलावू?"

बेहेरे कस्टममधून निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला, पण खिदिरपूरच्या गोदीत शिकलेली भाषा त्यांच्याबरोबर निवृत्त झाली नव्हती. त्यांच्या घरात दूध उतू गेलं की माल सुटला. पाहुणे आले की जहाज लागलं. ऋता कॉलेजात असताना उशिरा घरी आली, तर दारातच विचारणा व्हायची, डिक्लेअर करण्यासारखं काही आहे का? बदलीवर आलेला हा माणूस कलकत्त्यातच राहिला, बेहालात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, बायकोला इथेच निरोप दिला, आणि मराठी बोलायला मुलीशिवाय कुणी उरलं नाही तेव्हा मराठीही अर्धी कस्टमच्या शब्दांत बोलू लागला. ऋताला त्यात विचित्र असं काही वाटत नसे. प्रत्येक घराची, प्रत्येक गोदीची, प्रत्येक बसची आपली एक भाषा असते हे तिला अक्षरओळखीच्याही आधीपासून माहीत होतं. मिनीबसच्या पत्र्यावर कंडक्टरची एक थाप म्हणजे थांब आणि दोन थापा म्हणजे सुट, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पण आज कैरी नको. आज दही-भात, धुतलेला सुती कुर्ता, केसांना तेल नाही, कपाळाला काही नाही, डब्यात उकडलेला बटाटा. आज फर्स्ट फ्लश होता.

ऋता बेहेरे चहा चाखते. हौस म्हणून नव्हे, तिचं पोट त्यावर चालतं. कलकत्त्याच्या डलहौसी भागात एका जुन्या इमारतीत चहाच्या दलालांची पेढी आहे. आसाम-दार्जिलिंगच्या बागा तिथे नमुने पाठवतात, पेढी ते चाखून त्यांचं वर्णन करते, भाव सुचवते, आणि मग लिलाव होतो. हिवाळा संपला की दार्जिलिंगच्या उतारांवर झुडपांना पहिली पालवी फुटते. त्या पालवीचा चहा म्हणजे फर्स्ट फ्लश. वर्षभरात त्याची वाट जितकी बघतात तितकी कलकत्त्यात फक्त दुर्गापूजेची बघतात. आज त्याचे नमुने टेबलावर मांडले जायचे होते, आणि ऋताच्या छातीत पहाटेपासून पूजेतला ढोल, ढाक, वाजत होता.

तिच्या या नाकामुळे एक लग्न मोडलं होतं. मुलगा सॉल्ट लेकच्या एका कंपनीत होता, दिसायला बरा, बोलायला बरा. पहिल्याच भेटीत तिने त्याला विचारलं, तुम्ही दाढीनंतर काय लावता, आणि ते कायमचं सोडाल का? "पार्टीने माल परत घेतला," बेहेऱ्यांनी नंतर नातेवाइकांना कळवलं होतं.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. माझेरहाटच्या पुलावर बस रेंगाळली आणि ऋताच्या मनात पुन्हा तोच विचार आला, जो गेले काही दिवस तिला सोडत नव्हता. सुमनदांच्या बोलण्यात काहीतरी कमी झालं होतं.

सुमनदा म्हणजे सुमन बसू, पेढीचे मुख्य चाखणारे. ऋता नोकरीला लागली त्या दिवशी बेहेऱ्यांनी विचारलं होतं, "या सुमनबाई स्वभावाने कशा आहेत?" "बाई नाहीत, बाबा. चांगल्या झुबकेदार मिशा आहेत." त्या मिशांवर चहाचा थेंब न सांडता सुमनदा चमच्यातून चहा असा ओढत, की जिन्यात उभ्या माणसाला वाटावं कुणीतरी कापड फाडतंय. ओढायचा, तोंडभर फिरवायचा, चाकांच्या उंच पीकदाणीत पिचकारी टाकायची, पीकदाणी गुडघ्याने पुढे ढकलायची, आणि बोलायचं.

बोलायचं फक्त त्यांनी. चाखण्याच्या खोलीचा तो कायदा होता. एक जण बोलतो, एक जण लिहितो. लिहिणारा मागून येत तेच चहा चाखतो, शिकतो, पण तोंडातून मत काढत नाही. एका चहाला दोन मतं म्हणजे लिलावात गोंधळ, म्हणून आवाज एकच हवा. लिहिणाऱ्याला पूर्ण खोलीत एकच शब्द वापरायची परवानगी होती. ऐकू आलं नाही तर विचारायचं, "रिपीट?"

ऋता इतकी वर्षं लिहीत होती. तिची बोटं लिहीत आणि जीभ दातांमागे उड्या मारत असे. कारण बोलणाऱ्याच्या हातात आणखीही एक गोष्ट होती. धंद्याचे शब्द तर जगभर तेच. ब्राइट म्हणजे कपात उजेड पडल्यासारखा. ब्रिस्क म्हणजे तोंडात चटकन जागा होणारा. बॉडी म्हणजे जिभेवर भरणारं वजन. पण या खोलीचे स्वतःचेही शब्द होते, जे छापील यादीत जात नसत. तोंडात पितळी भांड्यासारखा लागणारा चहा म्हणजे हावडा ब्रिज. ज्यात काहीच घडत नाही, तो दुसरा शनिवार. बाहेरून घुसलेला परका वास, धुराचा, रंगाचा, कशाचाही, जो काही केल्या निघत नाही, तो भाडाटे, म्हणजे भाडेकरू. ज्याने कलकत्त्यात कधी घर भाड्याने दिलंय त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आणि गोल, गोड, लाड करणारा चहा म्हणजे मामाबाडी, मामाचं घर. हा शब्द सुमनदांनी तरुणपणी आणला होता आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

नवा शब्द आणायचा अधिकार बोलणाऱ्यालाच. तो शब्द जगला की मेला हे दुसऱ्या दिवशी ठरे. खोलीतल्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो आपसूक आला, तर राहिला. नाही आला, तर त्याचं नाव पुन्हा कुणी काढायचं नाही. ऋताजवळ असे किती शब्द जमले होते! पण लिहिणारीचे शब्द बसमध्ये जन्मत आणि बसमध्येच उतरून जात.

तिने मनातल्या मनात चहाच्या शब्दांचे तीन ढीग केले होते. डोळ्याचे, जिभेचे आणि नाकाचे. ब्राइट डोळ्याचा, बॉडी जिभेचा, फुलांसारखा, भाजका, धुरकट हे नाकाचे. आणि पुलावर थांबलेल्या बसमध्ये तिला लख्ख कळलं, की सुमनदांच्या बोलण्यातून तिसरा ढीग नाहीसा झाला आहे. एक पट्टी मुकी झालेल्या पेटीवर कुणी पूर्ण गाणं वाजवावं, आणि ती पट्टी लागेल असे सूर शिताफीने टाळावेत, तसं ते बोलत होते. हिवाळ्याअखेरचे चहा नाहीतरी निर्जीवच असतात, म्हणून ते खपून गेलं. पण फर्स्ट फ्लश म्हणजे निम्म्याहून अधिक नाक. तिथे ती पट्टी टाळता येत नाही.

आणि सुमनदा जे बोलतील ते तिला लिहावं लागणार होतं.

*

उत्तरेकडच्या उंच खिडक्यांतून सपाट, सावली नसलेला उजेड येत होता. टेबलावर पांढऱ्या वाडग्यांची रांग होती. प्रत्येकामागे झाकणाचा कप, झाकणावर उलटी केलेली भिजली पानं, त्यामागे कोरडी पानं. निताई किटली घेऊन रांगेच्या टोकाला उभा होता. पाणी उकळणं, ओतणं, झाकण उलटवणं हे सगळं तो बघे. सुमनदांच्याच वयाचा असेल. दोघांनी एकमेकांशी चहाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता, फक्त फुटबॉलबद्दल भांडत.

"काल तुझ्या टीमने काय दिवे लावले!" सुमनदा म्हणाले.

"दादा, रेफरीने लावले. आमच्याकडे वातही नव्हती."

"चल, ऋता. लिही."

पहिला वाडगा. कापड फाटल्याचा आवाज, पिचकारी. "ब्राइट. ब्रिस्क. लाइट बॉडी. पान हिरवट, छान."

ऋताने लिहिलं, मागून चमचा ओढला, आणि तिच्या डोक्यात एक खिडकी उघडली. फुलं! ओली, पहाटेची फुलं, नाव नसलेली. सुमनदा त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. दुसरा वाडगा. ब्राइट, मीडियम बॉडी, रंग उत्तम. मागून ऋताच्या नाकात मध आला आणि गेला. सुमनदा पुढे सरकले. तिसरा, मग चौथा. प्रत्येक वाडग्यात काहीतरी नाचत होतं, हाका मारत होतं, आणि कागदावर फक्त रंग आणि वजन उतरत होतं. ऋताला वाटलं, आपण एखाद्या लग्नाच्या वरातीची नोंद करतोय आणि फक्त माणसांची उंची लिहितोय.

पुढच्या वाडग्याशी ती पोचायच्या आधीच तिला वास लागला. डिझेल. अगदी स्वच्छ, उघडं डिझेल, ट्रकच्या मागे उभं राहिल्यासारखं. तिने निताईकडे पाहिलं. निताई किटलीच्या झाकणाकडे एकटक बघत होता.

सुमनदांनी चमचा ओढला. डोळे मिटले. मिशा हलल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "वा! ब्राइट. राउंड. आतापर्यंतचा सगळ्यात चांगला. लिही, मामाबाडी."

ऋताचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. भाडेकरूला मामाचं घर! ही चूक जगात या खोलीखेरीज कुठे झालीच नसती. आणि ती तशीच गेली, तर संध्याकाळी खरेदीदारांकडे जाईल, त्यांनी आपापल्या टेबलावर झाकण उघडलं की वाऱ्यासारखी शहरभर होईल. सुमन बसूंनी डिझेलला मामाबाडी म्हटलं. त्यानंतर त्यांचं मत कुणी विचारणार नाही. हसतील फक्त.

"रिपीट?" ऋता म्हणाली.

"मामाबाडी."

"रिपीट?"

किटलीची धार थांबली. या खोलीत कुणी दोनदा विचारल्याचं निताईला आठवत नव्हतं.

"कानात कापूस घालून आलीस?" सुमनदा वळले. "काय झालंय आज तुला?"

तिने मान वर केली नाही. तिच्याकडे एकच शब्द होता. तो तिने आणखी हळू, जवळजवळ लाडाने, पुन्हा उच्चारला. "रिपीट?"

सुमनदांनी झाकणावरची भिजली पानं उचलली. नाकाशी नेली. लांब श्वास घेतला, मग आणखी एक. मग ते निताईकडे बघत राहिले, आणि निताई फरशीकडे.

"निताई, पाणी आण."

"पाणी आहे, दादा."

"आणखी आण."

निताई गेला. दार लागलं. सुमनदा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. चाखताना कुणी बसत नसतं.

"भाडाटे?" त्यांनी विचारलं.

"भाडाटे."

"कसला?"

"डिझेल. वाळवायच्या खोलीशेजारी जनरेटर ठेवला असेल."

"जोरात येतोय?"

"सुमनदा, तो सामानसुमान घेऊन आलाय."

ते हसले. मग हसणं त्यांच्या चेहऱ्यावरून ओल्या कागदासारखं गळून पडलं. "थंडीत ताप आला होता ना मला. सर्दी गेली, पण नाक काही परत आलं नाही. आधी वाटलं, येईल. एक दिवस बायकोने मासे पार करपवले. मी म्हटलं, फार छान झालेत. ती माझ्याकडे बघतच राहिली." त्यांनी मिशांवरून हात फिरवला. "डॉक्टर म्हणतात, रोज चार वास घेत राहा, कदाचित येईल, कदाचित नाही. तुला कधी कळलं?"

"तुमच्या बोलण्यातून नाकाचे शब्द गेले तेव्हा."

"आणि मला वाटत होतं मी किती हुशारीने सांभाळतोय!"

"अंदाजाने बोलला असतात, फुलांचा, मधाचा, तर मला कळलंच नसतं."

"अंदाजाने?" ते एकदम चिडले. "न पाहिलेला रंग सांगू मी? जो वास मला आला नाही त्याचं नाव घेऊ? मामाबाडी म्हटलं, कारण जिभेवर तो तसाच आहे, गोल. अजूनही म्हणतो. जीभ माझी शाबूत आहे."

ऋताला त्या क्षणी ते फार आवडले. हा माणूस गप्प राहून पकडला गेला होता. एकच खोटा शब्द बोलला असता, तर सुटला असता.

"वर जातो," सुमनदा उठले. "मालकांना सांगतो तब्येत बरी नाही. उद्या बघू."

"उद्या? वाडगे निवतायत. बागांचे फोन येतायत. बाकीच्या पेढ्या आज चाखून मोकळ्या होतील."

"मग काय करू? तूच सांग."

आणि ऋताच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं. कित्येक वर्षं ते दातांमागे उभं होतं, आणि तिला कायम वाटायचं की ते बाहेर येईल तेव्हा आपण ऐटीत असू. आलं ते चाचरत. "मी बोलते. तुम्ही लिहा."

खिडकीवर कबुतरं घुमत होती. सुमनदा तिच्या हातातल्या पेनाकडे बघत होते, जणू ते कुणा तिसऱ्याच धंद्यातलं हत्यार आहे.

"मी लिहू?"

"तुम्ही मागून चाखा. तुमची जीभ माझ्यापेक्षा पक्की आहे. मी चुकले, तर..."

"तर मी मध्ये बोलणार नाही," सुमनदा म्हणाले. "आवाज एकच." ते थांबले, आणि त्यांच्या मिशांखाली काहीतरी हललं. "पण मला कमी ऐकू येतं, बरं का. मी विचारीन, रिपीट?"

त्यांनी हात पुढे केला. ऋताने पेन दिलं. त्यांनी दार उघडलं आणि जिन्यात तोंड घालून ओरडले, "निताई! कुठे मेलास? सगळं नव्याने लाव, पहिल्यापासून!"

निताई दाराशीच उभा होता. किटली भरलेली होती.

*

पहिला शब्द तिच्या घशातून फाटका निघाला. "ब्रा... ब्राइट." निताई खोकल्यासारखं काहीतरी करून हसला. ऋताने दुसरा चमचा असा ओढला की तिच्याच कानात घंटा वाजली, आणि मग तिला कुणी थांबवू शकलं नसतं. फुलं! ओली फुलं, ब्रिस्क, लाइट बॉडी, लिहा! पुढे! मध आहे, पण पळपुटा, आधी येतो आणि गिळायच्या आत नाहीसा होतो. पुढे! पीकदाणी तिच्या गुडघ्याने इतक्या जोरात सरकली की चाक टेबलाच्या पायाला धडकलं. इतकी वर्षं ज्यांना ती तोंड दाबून ओळखत आली होती ते सगळे शब्द वरातीसारखे बाहेर पडत होते, ढकलाढकली करत, आणि मागून पेनाची करकर त्यांना सामावून घेत होती.

"फुल बॉडी," ती एका वाडग्याशी म्हणाली.

"रिपीट?" मागून आवाज आला.

तिने पुन्हा चाखला. भरल्या तोंडाने ती लाजली. वास इतका मोठा होता की तिने त्याचं वजन जिभेवरही टाकलं होतं. "मीडियम," ती म्हणाली. पेन करकरलं.

डिझेलच्या वाडग्याशी तिने तोंड वळवून फक्त एक शब्द टाकला, "भाडाटे," आणि मागून सुमनदांनी तो विनातक्रार लिहिला. मग स्वतःशीच पुटपुटले, "पण जिभेवर गोल आहे हो." ते मत नव्हतं, त्यामुळे कायदा मोडला नाही.

शेवटचा वाडगा एका छोट्या बागेचा होता. नावही फारसं कुणाला ठाऊक नसलेली, मोठ्या बागांच्या मधल्या चिंचोळ्या उतारावरची. ऋताने चमचा ओढला आणि ती उभीच राहिली. चहा तोंडात होता. ती तो टाकीना. निताईने किटली खाली ठेवली.

फुलं नव्हती. मधही नव्हता. गवत म्हणावं तर गवत फार गरीब. हिरवं होतं, पण कोवळं नव्हे, बोचरं. एकदम उघडलेलं, चिकट, डोळ्यांत पाणी आणणारं, आणि त्याच्या मागे लांबवर कुठेतरी येऊ घातलेली गोडी. तिला माहीत होतं हे. आज सकाळीच तिने याच्यापासून भिंतीपर्यंत पळ काढला होता.

तिने पिचकारी टाकली. "देठ."

"रिपीट?" या वेळी सुमनदांना खरंच कळलं नव्हतं.

"देठ. कैरीचा. तोडल्या तोडल्या, चीक फुटतो ना, तेव्हाचा."

"बोंटा," निताईने देठाचा बांगला शब्द सांगितला. मग जीभ चावली.

"बोंटा तुमचा," ऋता म्हणाली. "मला बोंट्याचा वास येत नाही. देठाचा येतो."

सुमनदांनी वाडग्याकडे पाहिलं. त्यांना त्यातून काही येणार नव्हतं. त्यांनी आपल्या जिभेने चाखला, बराच वेळ फिरवला, आणि ते मान हलवू लागले, हळूहळू, जिन्याच्या अंधारात एकेक पायरी चाचपत उतरावं तशी. "शेवटी आंबट येतं थोडं. हो. असू शकेल." छापील यादीसाठी त्यांनी धंद्याचे शब्द लिहिले, फ्रेश, ब्रिस्क, कच्च्या आंब्यासारखा. पण बाजूला, खोलीच्या शब्दांच्या जागी, बांगला अक्षरांत त्यांनी तो मराठी शब्द काळजीपूर्वक उतरवला, जसं परक्या देशाच्या माणसाचं नाव लिहावं.

मग ते कागद घेऊन वर गेले.

ऋता आणि निताई वाडगे धूत राहिले. वाडगे धुणं तिचं काम नव्हतं, पण हातांना काहीतरी हवं होतं. मालक घाबरट नव्हता, पण व्यापारी होता. खरेदीदार सुमन बसूंच्या आवाजावर पैसे लावत. तो आवाज गेला हे कळलं, तर खालच्या या खोलीचं काय, आणि वर गेलेल्या माणसाचं काय?

"फुटबॉलमध्ये कसं असतं, दीदी," निताई म्हणाला, "गोलकीपरचे हात गेले की त्याला कोच करतात."

"आणि नाही केलं तर?"

"तर तो घरी बसून शिव्या देतो. दादांना शिव्या येत नाहीत."

सुमनदा परतले ते मिशा पुसत. वर त्यांना चहा पाजला होता, दुधाचा, साखरेचा, वेलचीचा. "वेलची होती म्हणे," ते म्हणाले.

"काय म्हणाले मालक?"

"आधी चहा मागवला. मग म्हणाले, बोलणारा बदलला हे खरेदीदारांना कोण सांगणार? म्हटलं, मी. आत्ताच, इथूनच. चौघांना फोन केले. एक तर रडायलाच लागला, वेडा." त्यांनी घसा साफ केला. "मग त्या बागेला फोन केला. जनरेटर होताच, वाळवायच्या खोलीच्या भिंतीला टेकून. हलवतायत. पुढचा माल नव्याने पाठवतील."

"आणि तुम्ही?"

"मी विचारलं, लिहिणारा म्हणून ठेवताय का? ते हसले. मी हसलो नाही. मग तेही हसायचे थांबले." त्यांनी खिशात बोट घालून पेन नीट बसवलं. ते ऋताचं पेन होतं, आणि तिने ते परत मागितलं नाही.

*

घरी बेहेरे बाल्कनीत उभे होते. ती फाटकातून आत येताना दिसली तेव्हाच वरून ओरडले, "क्लिअरन्स मिळाला?"

"मिळाला!"

"ड्यूटी?"

"दुसऱ्याने भरली, बाबा," ती वर पोचून म्हणाली, आणि चप्पल न काढताच बाल्कनीत गेली. पिशवीतून एक कैरी काढली, देठ मोडला आणि चीक फुटला त्यावर नाक टेकवलं. बेहेरे बघत राहिले. सकाळी हीच मुलगी किंचाळली होती.

"एक्झामिनेशन चाललंय?"

"चाललंय. बाबा, उद्या एक कैरी मला द्या. देठासकट. घट्ट डब्यात, वर दोन पिशव्या."

"चहाच्या खोलीत? तिथे तर कुंकवालाही बंदी."

"खोलीत नाही. चाखणं झाल्यावर, जिन्यात. एका माणसाला रोज चार वास घ्यायला सांगितलेत. पहिला मी देणार आहे."

बेहेऱ्यांनी पिशवी उलटी केली आणि एकेक कैरी उजेडात धरून बघू लागले, कुणाचा देठ सगळ्यात जाड आहे ते.

दुसऱ्या दिवशी नव्या बागांचे नमुने आले. ऋता रांगेच्या या टोकाला होती, सुमनदा तिच्या मागे, आणि निताई त्या टोकाला झाकणं उलटवत पुढे येत होता. बोलायला तिने तोंड उघडलं होतं. पण आधी आवाज आला तो पलीकडून. निताईने एका झाकणावरच्या पानांवर मान झुकवली होती आणि तो किटलीशी बोलावं तसा, कुणाला ऐकवायचं नसल्यासारखा, म्हणाला, "अरे, याच्यातही थोडा देठ आहे की."

निताईने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, आपण कायदा मोडला.

सुमनदांनी पेन उचललं. लिहिणाऱ्याला जो एकच शब्द बोलायची मुभा होती, तो ते लहान मुलाच्या आनंदाने म्हणाले.

"रिपीट?"

निताई ऋताकडे बघू लागला.

"सांग ना," ती म्हणाली. "मोठ्याने सांग."